झरोका, वायुवीजनाचा

खोलीतील हवा खेळती राहावी म्हणून भिंतीत, खिडकीच्या वरच्या भागात, दारावर किंवा छतालगत ठेवलेली लहान मोकळी जागा. ती कायमची उघडी असते किंवा तावदान, पट्ट्या, जाळी यांच्या साहाय्याने कमीजास्त उघडता येते. बोलीभाषेत तिला ‘व्हेंटिलेटर’ म्हणतात. गवाक्ष आणि वातायन हे जुने शब्दही याच कार्याशी निगडित आहेत. खिडकीमुळे प्रकाश, दृष्टी व हवा या तिन्ही गोष्टी साधतात. परंतु पाऊस, चोरी, डास, गोंगाट व थंडी यांच्या भीतीने ती दिवसाचा बराच काळ आणि बहुधा रात्रभर बंद राहते. अशा वेळी खोलीत जी हवा येते, ती झरोक्यावाटेच. त्यामुळे खिडकी बंद असताना किती जागा उघडी राहते आणि त्या जागेतून हवा कोणत्या मार्गाने वाहते, हा झरोक्याच्या निवडीतील मूळ प्रश्न होय.

या प्रश्नाची निरनिराळी अंगे मुंबईच्या घाटकोपर उपनगरात एकत्र आढळतात. मध्य रेल्वेच्या लोहमार्गामुळे या उपनगराचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग पडले आहेत. पूर्वेस ठाण्याच्या खाडीकडे उतरत गेलेली सखल जमीन असून पश्चिमेस असल्फा, भटवाडी या बाजूंना टेकड्यांच्या उतारांवर दाट वस्ती आहे. जुन्या चाळी, पंतनगरसारख्या गृहनिर्माण मंडळाच्या वसाहती, उतारावरील एकमेकांस लागून असलेली घरे, पुनर्वसनाच्या बहुमजली इमारती आणि नवे उत्तुंग मनोरे असे घरांचे सर्व प्रकार येथे थोड्या अंतरात दिसतात. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत मुंबईच्या उपनगरांत सरासरी २,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो व हवेतील आर्द्रता फार वाढते. याच काळात खिडक्या बंद होतात आणि माणसे अधिक वेळ घरात राहतात.

ऐतिहासिक आढावा : महाराष्ट्रातील जुन्या घरांत झरोक्याचे काम घराच्या बांधणीतूनच होत असे. कोकणातील कौलारू घरात कौलांच्या फटींतून आणि भिंत व छप्पर यांमधील मोकळ्या जागेतून तापलेली हवा व चुलीचा धूर बाहेर पडे. देशावरील वाड्यात मधला चौक हाच मोठा झरोका असे. चौकातील हवा तापून वर गेली की खोल्यांतील हवा तिच्याकडे ओढली जाई. सपाट काँक्रीटच्या छताबरोबर या फटी नाहीशा झाल्या आणि हवेसाठी वेगळी मोकळी जागा हेतुपूर्वक ठेवणे आवश्यक झाले.

मुंबईत या विषयाकडे सार्वजनिक लक्ष वेधले गेले ते १८९६ च्या प्लेगच्या साथीमुळे. रोग कोंदट हवेतून उद्‌भवतो, अशी त्या वेळी अनेकांची समजूत होती. अधिकाऱ्यांनी अंधाऱ्या खोल्यांची कौले काढून उजेड व हवा आत घेतली आणि राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर ‘यू. एच. एच.’ ही अक्षरे रंगविली. प्लेगचा प्रसार उंदरांवरील पिसवांमार्फत होतो, असे प्रतिपादन पॉल लुई सिमाँ या फ्रेंच वैद्याने १८९८ मध्ये केले व पुढे ते मान्य झाले. प्लेगपुरते पाहता हवेचा उपाय चुकीच्या कारणावर आधारलेला होता. तथापि क्षयरोगासारख्या हवेतून पसरणाऱ्या रोगांच्या दृष्टीने तो योग्यच होता.

१८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई सुधारणा विश्वस्त मंडळाने (इंप्रूव्हमेंट ट्रस्टने) हवा व उजेड यांसाठी ६३½° चा नियम पुढे आणला. मंडळाचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ च्या सुमारास त्याचा विशेष पुरस्कार केला. खोलीसमोरील इमारतीच्या माथ्याकडे काढलेली रेषा क्षितिजाशी ६३½° पेक्षा मोठा कोन करणार नाही, इतकी जागा मोकळी असावी, असा त्याचा आशय होता. व्यवहारात याचा अर्थ समोरील इमारतीच्या उंचीच्या निदान निम्मी जागा मोकळी सोडणे असा होतो. झरोका कितीही चांगला असला, तरी त्याच्यापुढे हवा असली पाहिजे, हे या नियमाने प्रथम स्पष्ट केले. घाटकोपरचा समावेश बृहन्मुंबईत १९५० मध्ये झाला. १९७० मध्ये राष्ट्रीय इमारत संहिता प्रथम प्रसिद्ध झाली. तिच्या नंतरच्या आवृत्त्या १९८३, २००५ व २०१६ या वर्षी निघाल्या.

हवेची गरज : मनुष्याच्या उच्छ्‌वासात सु. ४ टक्के कार्बन डाय-ऑक्साइड असतो. बाहेरील हवेत त्याचे प्रमाण सांप्रत सु. ०·०४२ टक्के आहे. खोलीत हे प्रमाण ०·१ टक्क्याच्या वर जाऊ नये, अशी मर्यादा माक्स फोन पेटेनकोफर या जर्मन आरोग्यशास्त्रज्ञाने १८५८ मध्ये सुचविली. या प्रमाणात हा वायू विषारी नसतो. पण खोलीतील माणसांनी सोडलेली हवा किती साचली आहे, याचे तो सोपे गमक आहे. क्षयरोगाचे जंतू खोकल्यातून उडणाऱ्या अतिसूक्ष्म कणांवर स्वार होऊन बराच काळ हवेत तरंगतात. त्यामुळे साचलेली हवा म्हणजे एका माणसाच्या श्वासातील हवा दुसऱ्याने पुन्हा आत घेणे होय.

दहा चौ. मी. क्षेत्रफळाची व २·७५ मी. उंचीची, म्हणजे २७·५ घ. मी. हवा मावणारी खोली उदाहरणादाखल घेता येईल. तीत चार प्रौढ माणसे झोपली व प्रत्येकाने ताशी सु. १३ लि. कार्बन डाय-ऑक्साइड सोडला, तर एकूण ५२ लि. वायू तासाभरात खोलीत मिसळतो. खोली पूर्ण बंद असल्यास ०·१ टक्क्याची मर्यादा सु. १८ मिनिटांत ओलांडली जाते. ती ओलांडू नये यासाठी ताशी सु. ९० घ. मी. ताजी हवा लागते. म्हणजे खोलीतील हवा तासातून तीनहून अधिक वेळा बदलली पाहिजे. कोविड-१९ च्या साथीनंतर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दर माणशी सेकंदास १० लि. ताज्या हवेची शिफारस केली. त्या हिशेबाने याच खोलीस ताशी १४४ घ. मी. हवा हवी.

हवा वाहण्याची तत्त्वे : झरोक्यातून हवा दोन कारणांनी वाहते. पहिले कारण वाऱ्याचा दाब. वाऱ्याच्या समोरील भिंतीवर दाब वाढतो व मागील भिंतीवर तो घटतो. दोन्ही भिंतींत मोकळी जागा असेल, तरच हवा एकीकडून येऊन दुसरीकडून जाते. एकाच भिंतीत मोठा झरोका असला, तरी त्यातून येणारा वारा खोलीत फारसा शिरत नाही. इमारत संहितेत दिलेल्या सूत्रानुसार आत येणारी हवा ही झरोक्याचे क्षेत्रफळ, वाऱ्याचा वेग आणि एक गुणक यांच्या गुणाकाराइतकी असते. वारा भिंतीवर काटकोनात येत असेल तर हा गुणक ०·६ आणि तिरपा येत असेल तर ०·३ धरतात.

सेकंदास अर्धा मीटर इतका मंद व तिरपा वारा गृहीत धरला, तर ६० सेंमी. × ३० सेंमी. मापाच्या म्हणजे ०·१८ चौ. मी.च्या झरोक्यातून ताशी सु. ९७ घ. मी. हवा येते, मात्र समोरच्या भिंतीत तेवढाच दुसरा झरोका हवा. वर उल्लेखिलेल्या चार माणसांच्या खोलीची किमान गरज एवढ्याने भागते. ताशी १४४ घ. मी.ची गरज धरल्यास ९० सेंमी. × ३० सेंमी. मापाची जोडी लागते. जोडीतील एक झरोका मोठा व दुसरा लहान असेल, तर वहन मुख्यतः लहान झरोक्याच्या मापावर ठरते.

दुसरे कारण तापमानातील फरक. माणसे, दिवे व चूल यांमुळे तापलेली हवा हलकी होऊन वर चढते आणि वरच्या झरोक्यातून बाहेर पडते. तिची जागा खालून येणारी थंड हवा घेते. वारा पडलेल्या रात्री हेच एक साधन उरते. खालच्या व वरच्या मोकळ्या जागांत १·४ मी. उंचीचा फरक व आतबाहेरच्या तापमानात १° से.चा फरक असेल, तर प्रत्येकी ०·१८ चौ. मी.च्या दोन जागांमधून ताशी सु. ९० घ. मी. हवा वाहू शकते. त्यासाठी खाली तेवढीच मोकळी जागा असणे आवश्यक आहे. दाराखालची दीड सेंमी.ची फट सु. ०·०१ चौ. मी. इतकीच भरते, तिच्या भरवशावर वरचा झरोका चालत नाही. खिडकीचा खालचा जाळीदार भाग किंवा दाराच्या खालच्या फळीत बसविलेली जाळी हा त्यावरील उपाय होय.

प्रकार : झरोक्यांचे प्रचलित प्रकार पुढीलप्रमाणे आहेत : (१) बिजागरीचे तावदान : खिडकीच्या किंवा दाराच्या चौकटीवर बसविलेले हे तावदान वरच्या कडेवर, खालच्या कडेवर किंवा मध्यावरील खिळीवर फिरते. वरच्या कडेस बिजागरी असून बाहेर उघडणारे तावदान स्वतःच छपरासारखे काम करते, म्हणून पावसाळी प्रदेशास ते सोयीचे असते. (२) काचेच्या पट्ट्यांचा झरोका : आडव्या पट्ट्या एकावर एक तिरप्या बसविलेल्या असतात. पट्ट्यांची बाहेरील कड खाली झुकलेली असल्याने पाणी बाहेर ओघळते. फिरत्या पट्ट्या पूर्ण आडव्या केल्यास बरीच जागा मोकळी होते. पण पक्क्या बसविलेल्या, एकमेकींवर चढलेल्या पट्ट्यांतून प्रत्यक्ष मोकळी जागा पुष्कळदा मापाच्या निम्मीच मिळते. (३) सिमेंटची अथवा मातीची भाजलेली जाळी : ही स्वस्त, टिकाऊ व चोरापासून सुरक्षित असते, मात्र ती बंद करता येत नाही. जिने, सामाईक वाटा व न्हाणीघरे यांना ती योग्य ठरते. (४) चौकटीतील बारीक फटीचा झरोका : प्लॅस्टिकच्या आधुनिक खिडक्यांच्या वरच्या पट्टीत तो बसवून मिळतो. थंड देशांत घरातील उष्णता न गमावता थोडी हवा यावी, हा त्याचा हेतू आहे. ब्रिटनच्या इमारत नियमांत राहत्या खोलीसाठी त्याचे माप ८,००० चौ. मिमी., म्हणजे ०·००८ चौ. मी. धरलेले आढळते. वर काढलेल्या ०·१८ चौ. मी.शी तुलना करता हे माप सु. बाविसाव्या भागाएवढे आहे. मुंबईच्या दमट हवेत आणि दाट वस्तीत केवळ अशा फटीवर अवलंबून राहणे उपयोगाचे नाही. (५) विजेचा निष्कास पंखा : हा वाऱ्यावर अवलंबून नसतो. स्वयंपाकघर व न्हाणीघर यांत तो उपयुक्त असला, तरी बाहेर टाकलेल्या हवेची जागा घेणारी हवा कोठून तरी आत यावी लागते. दारे-खिडक्या घट्ट बंद असल्यास पंखा फिरतो, पण हवा फारशी हलत नाही.

घराघरांत बसविले जाणारे विभक्त वातानुकूलन यंत्र (स्प्लिट ए.सी.) हा झरोक्यास पर्याय नव्हे. ते खोलीतील तीच हवा थंड करून पुन्हा खोलीत सोडते. बाहेरची हवा आत आणत नाही. अशा खोलीत झोपण्यापूर्वी व उठल्यावर खिडक्या उघडणे आणि रात्री एखादा लहान झरोका किंचित उघडा ठेवणे इष्ट असते.

निवडीचे निकष : झरोक्याची निवड करताना पुढील गोष्टी क्रमाने पाहाव्या लागतात.

(अ) मोकळी जागा : दुकानात सांगितले जाणारे माप चौकटीचे असते. चौकट, पट्ट्या, गज व जाळी वजा जाता उरणारी जागाच हिशेबात धरावी. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार उष्ण व दमट प्रदेशात दारे सोडून इतर मोकळ्या जागांचे एकूण क्षेत्रफळ खोलीच्या क्षेत्रफळाच्या निदान एकषष्ठांश असावे लागते. उष्ण व कोरड्या प्रदेशासाठी हे प्रमाण एकदशांश आहे. मात्र हे माप चौकटीसह असते. सरकत्या खिडकीत एका वेळी निम्माच भाग उघडतो, म्हणून नियमानुसार पुरेशी असलेली खिडकीही व्यवहारात अपुरी पडू शकते. अशा खिडकीच्या वर स्वतंत्र झरोका ठेवणे विशेष आवश्यक ठरते.

(आ) जोडी व मार्ग : झरोका विकत घेण्यापूर्वी त्याचा जोडीदार कोठे आहे, हे ठरवावे लागते. जुन्या चाळीच्या खोलीस एका बाजूस सज्जा (गॅलरी) व दुसऱ्या बाजूस खिडकी असे. सज्जाकडील दारावरच्या झरोक्यातून आरपार हवा वाहत असे. पुढे पोटमाळा घालताना हे झरोके अनेक ठिकाणी बुजले गेले. मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंस घरे असलेल्या इमारतींत बहुतेक घरांना एकच बाहेरची भिंत मिळते. तेथे आतल्या दारांवर झरोके ठेवून शयनगृहाची हवा न्हाणीघर किंवा स्वयंपाकघर यांच्या बाहेरील झरोक्यापर्यंत नेता येते. उतारावरील ज्या घरांच्या तिन्ही भिंती शेजाऱ्यांशी सामाईक असतात, त्यांत समोरच्या भिंतीत दाराच्या वर, छपराच्या पत्र्यालगत एक व जमिनीजवळ एक असे दोन झरोके ठेवणे हाच उपाय उरतो. पत्र्याखालची हवा दिवसा फार तापत असल्याने वरचा झरोका तेथे विशेष परिणामकारक ठरतो.

(इ) दिशा व पाऊस : मुंबईत दुपारनंतर समुद्राकडून, म्हणजे पश्चिम व वायव्य दिशांनी वारा येतो. पावसाळ्यात तो नैर्ऋत्य व पश्चिम दिशांकडून येतो आणि पाऊसही त्याच बाजूंनी झोडपतो. हिवाळ्यातील रात्री जमिनीवरील वारा पूर्वेकडून वाहतो. यावरून घाटकोपरच्या घरासाठी एक साधा नियम निघतो : पूर्वेकडील व उत्तरेकडील झरोका बाराही महिने उघडा राहील असा, जाळीचा किंवा पक्क्या पट्ट्यांचा, असावा. पश्चिमेकडील व नैर्ऋत्येकडील झरोका फिरत्या पट्ट्यांचा किंवा वरच्या कडेस बिजागरी असलेला असून त्यावर ४५ ते ६० सेंमी. रुंदीचा छज्जा असावा. छज्जाच्या खालच्या कडेस खाच ठेवल्यास पाणी भिंतीकडे न ओघळता तुटून खाली पडते. उंबऱ्याचा उतार बाहेरच्या बाजूस असावा. पश्चिमेकडील झरोका पावसात थोडाच उघडा ठेवता आला, तरी तो पूर्ण बंद करू नये; तो बंद झाला की पूर्वेकडील झरोक्याचाही बराच उपयोग जातो.

(ई) जाळी : पावसाळ्यात हिवताप व डेंग्यू यांचा उपद्रव वाढत असल्याने डासांची जाळी अपरिहार्य असते. जाळीमुळे हवेचे वहन घटते. सुती व दाट विणीच्या जाळीने ते अधिक, तर गुळगुळीत नायलॉनच्या जाळीने त्या मानाने कमी घटते. म्हणून जाळी लावावयाची असेल तर झरोक्याचे माप आधीच वाढवून घ्यावे. जाळी धुण्यासाठी सहज काढता यावी. घाटकोपरमध्ये लालबहादूर शास्त्री मार्ग (जुना आग्रा रस्ता) व पूर्व द्रुतगती महामार्ग यांच्या लगतच्या घरांत ती काही आठवड्यांतच धुळीने भरते. बाहेरच्या अंगास कबुतरांसाठी वेगळी रुंद छिद्रांची जाळी लावणे इष्ट. झरोक्यात साठलेल्या त्यांच्या विष्ठेच्या धुळीने काही व्यक्तींना फुप्फुसाचा दाहयुक्त विकार होतो.

(उ) बंद करण्याची सोय : बाहेरची हवा नेहमीच स्वच्छ असते असे नाही. २०१६ मध्ये घाटकोपरच्या आग्नेयेकडील देवनार कचराभूमीस लागलेल्या आगींचा धूर आसपासच्या उपनगरांत पसरला होता. हिवाळ्यात सकाळी धुरकेही साचते. त्यामुळे राहत्या खोलीतील निदान एक झरोका बंद करता येण्याजोगा असावा. रहदारीच्या रस्त्याकडील झरोका गर्दीच्या वेळी बंद ठेवून मागील बाजूच्या खिडक्या व झरोके उघडे ठेवणे हा मध्यम मार्ग होय.

स्वयंपाकघर व न्हाणीघर : या दोन ठिकाणी झरोक्याचा संबंध थेट जीविताशी येतो. सिलिंडरमधील द्रवीभूत पेट्रोलियम वायू हवेपेक्षा जड असतो. गळती झाल्यास तो जमिनीलगत साचतो व वरच्या झरोक्यातून बाहेर जात नाही. नळावाटे येणारा नैसर्गिक वायू मुख्यतः मिथेन असून तो हवेपेक्षा हलका असतो आणि छताखाली साचतो. म्हणून सिलिंडर वापरणाऱ्या स्वयंपाकघरात जमिनीजवळ मोकळी जाळी आणि नळाचा वायू वापरणाऱ्या स्वयंपाकघरात छतालगत कायम उघडा झरोका असणे आवश्यक आहे. नळाचा वायू आल्यावर जुना खालचा झरोका पुरेसा आहे असे समजून वरचा झरोका यंत्राने किंवा कपाटाने झाकणे धोक्याचे असते. स्वयंपाकाच्या वाफेसाठी व ज्वलनातून निघणाऱ्या वायूंसाठी वरचा झरोका दोन्ही प्रकारच्या घरांत लागतोच.

न्हाणीघरात वायूवर चालणारे पाणी तापविण्याचे यंत्र (गॅस गीझर) बसविले असता बंद जागेतील ऑक्सिजन झपाट्याने घटतो व अपुऱ्या ज्वलनामुळे कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. हा वायू रंगहीन व गंधहीन असल्याने त्याची जाणीव होण्यापूर्वीच मनुष्य बेशुद्ध पडतो. असे यंत्र शक्यतो न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेच्या जागी बसवावे आणि धूर बाहेर नेणारी नळी त्यास जोडावी. न्हाणीघरात कायम उघडा झरोका असला, तरी त्याने यंत्र आत ठेवण्याचा धोका पूर्णपणे टळत नाही. न्हाणीघर व शौचकूप यांचे झरोके पुष्कळ इमारतींत अरुंद उभ्या पोकळीत (डक्टमध्ये) उघडतात. ही पोकळी वर आकाशाकडे व खाली मोकळ्या जागेकडे उघडी असेल, तरच तीत हवा वर चढते. खालचे तोंड भिंतीने किंवा अडगळीने बंद झाल्यास खालच्या मजल्यांवरील दूषित हवा वरच्या घरांत शिरते.

बसविताना घ्यावयाची काळजी : जुन्या घरात नवा झरोका पाडताना इमारतीची बांधणी समजून घेणे अगत्याचे आहे. खांब व तुळया यांच्या सांगाड्यावर उभ्या असलेल्या इमारतीत विटांच्या भरावाच्या भिंतीत झरोका पाडता येतो; तुळई, खांब किंवा छत यांना मुळीच हात लावता येत नाही. चाळीसारख्या भारवाही भिंतींच्या इमारतीत झरोक्यावर आडपट्टी (लिंटेल) देणे आवश्यक असते. अलीकडील अनेक मनोऱ्यांत ॲल्युमिनियमच्या साच्यांत ओतलेल्या काँक्रीटच्या भिंतीच भार वाहतात; त्यांत भोके पाडणे धोक्याचे होय. घाटकोपरच्या दामोदर पार्क परिसरातील एक इमारत २५ जुलै २०१७ रोजी कोसळून १७ जण मृत्युमुखी पडले. तळमजल्यावर चाललेले फेरबदल हे तिचे कारण असल्याचा आरोप त्या वेळी झाला. लहानसा बदलही संरचना अभियंत्याचा सल्ला, गृहनिर्माण संस्थेची संमती व आवश्यक तेथे महानगरपालिकेची परवानगी घेऊनच करावा.

मर्यादा : झरोका हा इमारतीच्या आराखड्यातील दोष पूर्णपणे दूर करू शकत नाही. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या योजनांत सदनिकेचे क्षेत्रफळ क्रमाक्रमाने वाढत २५ चौ. मी. व २०१८ पासून अमलात आलेल्या विकास नियमावलीत २७·८८ चौ. मी. झाले, परंतु इमारतींमधील अंतराविषयीचे नियम अशा योजनांना शिथिल करण्यात आले होते. घाटकोपरच्या दक्षिणेस असलेल्या गोवंडी-मानखुर्द भागात लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड व पी. एम. जी. पी. वसाहत या तीन पुनर्वसन वसाहतींचा क्षयरोगाच्या दृष्टीने अभ्यास करण्यात आला. तेथील काही बहुमजली इमारतींमधील अंतर केवळ सु. ३ मी. असल्याचे त्यात नमूद आहे. सूर्यप्रकाश व वायुवीजन कमी असलेल्या घरांचा आणि क्षयरोगाच्या अधिक प्रादुर्भावाचा संबंध या अभ्यासात दिसून आला. ६३½° च्या जुन्या नियमाने पाहता ३ मी. अंतर ६ मी. उंचीच्या, म्हणजे दुमजली घरांना पुरते. अशा इमारतीच्या खालच्या मजल्यावरील घरात झरोका मोठा केल्याने वायुवीजन काही प्रमाणात सुधारते, पण समोरच्या भिंतीने अडविलेला वारा व प्रकाश परत मिळत नाही.

पंतनगर व इतर जुन्या वसाहतींच्या जागी उंच इमारती उभ्या राहत असताना हा मुद्दा महत्त्वाचा ठरतो. पुनर्विकासाचा नकाशा मंजूर होण्यापूर्वी रहिवाशांनी सदनिकेच्या क्षेत्रफळाइतकेच तीन गोष्टींकडे लक्ष देणे हितावह आहे : प्रत्येक घरास दोन दिशांना बाहेरची भिंत मिळते किंवा नाही, समोरील इमारत किती अंतरावर आहे आणि न्हाणीघरांची उभी पोकळी खाली मोकळी आहे किंवा नाही. या गोष्टी नकाशावर बदलता येतात; इमारत उभी राहिल्यावर झरोक्याचे माप व प्रकार एवढेच रहिवाशाच्या हाती उरते.